हेल्मेटातली कुंभारीण

मी परसात पालथी पडून एका गोगलगाईच्या डोळ्यांत डोळे घालून पाहत होते, तेवढ्यात कॅमेऱ्यात तिच्यामागे एक बूट येऊन उभा राहिला.

काळा, जाड तळव्याचा, ग्रीसचे डाग पडलेला बूट.

"अहो... ऐकू येतंय का? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"हलू नका!" मी म्हणाले.

"मी?"

"तुम्हीच. गोगलगाय कुठे पळून चाललीये?"

तो हलला नाही. खरंच हलला नाही. गोगलगाईने शिंगं रोखली, बुटाचा अंदाज घेतला आणि ती सरळ त्याच्यावर चढायला लागली.

"एक विचारू का?" वरून दबका आवाज आला.

"हळू विचारा."

"किती वेळ लागेल?"

"ते तिच्यावर आहे."

"मला कामावर जायचंय हो."

"मग तिलाही जायचंच असेल की."

ती नाडीच्या गाठीपाशी पोचली, थबकली, आणि गाठीवरून पलीकडे डोकावून पाहायला लागली... मी बटण दाबलं. मग उठले. कोपरांना चिखल, हनुवटीला माती, केसांत पान. समोर एक उंचेला तरुण उभा होता. कान जरा जास्तच पुढे आलेले, आणि हातात एक ओला शर्ट.

"शर्ट वाऱ्याने उडाला. तुमच्या जास्वंदीवर अडकला होता," तो म्हणाला. "मी मागच्या घरात नवीन राहायला आलोय. मला वाटलं, कुणी बाई चक्कर येऊन पडल्यात, म्हणून भिंतीवरून उडी मारली."

"आणि बाई नुसत्याच वेड्या निघाल्या!"

"मी तसं म्हणालो नाही," तो म्हणाला. पण हसला, आणि हसताना त्याचे कान लाल झाले.

घरात मला सगळे चिकटी म्हणतात. एखाद्या गोष्टीला चिकटले की सोडत नाही म्हणून. दिवसभर मी दातांच्या कवळ्या तयार करते. मेणात एकेक दात बसवायचा, रेतीएवढा फरक कानशीने काढायचा... असल्या कामाने माणूस एकतर चिडका होतो, नाहीतर चिवट. सकाळी कामावर जायच्या आधी मी परसात असते. जेमतेम एका खोलीएवढं परस, पण त्यात जे काही चालतं ते बघायला जन्म पुरायचा नाही. त्याचे फोटो काढून, खाली एखादी ओळ लिहून मी गल्लीच्या ग्रुपवर टाकते. तक्रार फक्त आमच्या आत्याची. "लोकांच्या मुली आरशासमोर बसतात, आमची नळाजवळ लोळते."

बाबा, म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर, पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "तिच्या वाटेत येऊ नकोस. रस्ता तिचा तिला दिसतोय."

त्या दिवशी मी बुटावरच्या गोगलगाईचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आजचा डोंगर सर.' तासाभरात एका अनोळखी नंबरवरून उत्तर आलं. 'डोंगर म्हणतो, कामावर उशीर झाला. साहेबांना कारण सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही.'

सगळी गल्ली हसली. मीही हसले, आणि मग जरा रागावले. कारण त्याची ओळ माझ्या ओळीपेक्षा चांगली होती.

मग हे रोजचंच झालं. मी कुंपणाच्या भिंतीवर चढलेल्या सरड्याचा फोटो टाकला, 'धाव पूर्ण!' दुसऱ्या दिवशी त्याच सरड्याचा पलीकडून काढलेला, हललेला, अर्धा कापलेला फोटो आला. 'म्हण खोटी ठरली. पाहुणे आमच्याकडे मुक्कामाला आलेत. भिंतीच्या या बाजूला बरं आहे म्हणतात.'

ती शेवटची ओळ मी पुन्हा वाचली. मग फोन उशीखाली ठेवला. मग काढून परत वाचली...

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोटात दोरांना लटकून काम. भीती कशी वाटत नाही, असं मी एकदा भिंतीशी उभं राहून विचारलं.

"उंचीची नाही वाटत," तो म्हणाला. "पण गांधीलमाशीची वाटते. लहानपणी एकीने इथे दंश केला," त्याने कान दाखवला, "तेव्हापासून हे असे आहेत."

"खोटं!"

"एक कान तरी खरा धर."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. म्हणजे मला कळलं होतं. पण मी तसं दाखवलं नाही.

आणि मग एके सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. खरं म्हणजे किंकाळीच.

"चिकटी! तुझ्या गोतावळ्यातली कुणीतरी माझ्या हेल्मेटात शिरलीये!"

त्याचं पिवळं हेल्मेट मागच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेलं असायचं. चार दिवस सुट्टी होती, तेवढ्यात एका कुंभारमाशीने, गांधीलमाशीच्या चुलतबहिणीने, आतल्या पट्ट्याशेजारी मातीचं मडकं घडवलं होतं. सुपारीएवढं, गोल, वर इवलीशी मान. मी भिंतीवर पोट टेकून पाहिलं आणि माझा श्वासच अडकला. ती एक हिरवी अळी उचलून आणत होती, स्वतःपेक्षा लांब. आणली, मडक्यात कोंबली, ओल्या मातीने तोंड बंद केलं आणि निघून गेली... परत वळूनही पाहिलं नाही.

"गेली ना?" तो दारामागून म्हणाला. "आता धुऊन टाकतो."

"हात तर लाव!"

"अगं, माझं हेल्मेट आहे ते."

"आता ते घर आहे. आत अंडं आहे. पिल्लू अळी खाईल, मोठं होईल, पंख फुटतील आणि एक दिवस मडकं फोडून बाहेर येईल. तो क्षण मला हवाय."

"आणि मी डोक्यावर काय घालू? कुकर?"

"नवीन मागून घे. तुला काय, साहेबांना कारणं सांगायची सवय आहेच."

तो हेल्मेटाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. भीती त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती, तरी तो म्हणाला, "ठीक आहे. पण तू रोज यायचं. मी एकटा हिच्याबरोबर राहणार नाही."

मी रोज गेले. भिंतीत एक वीट निखळलेली होती, तिथे पाय ठेवून पलीकडे उतरायचं. तो दोन कप चहा घेऊन पायरीवर बसायचा, मडक्यापासून हातभर लांब. पुढे अर्धा हात. मडक्यावर सावली यायची म्हणून मी त्याला पांढरा पुठ्ठा धरायला दिला. ऊन पुठ्ठ्यावर पडायचं, पुठ्ठ्यावरून मडक्यावर.

"थोडं डावीकडे. थोडं वर. हां... तसाच थांब."

"आयुष्यात कुणी मला इतकं थांबवलं नव्हतं," तो एकदा म्हणाला.

मी कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही. काढला असता तर त्याला सगळं दिसलं असतं.

एका सकाळी चहाचा कप एकच होता, माझा.

"तू नाही घेणार?"

"गेला नाही घशाखाली," तो म्हणाला. "रविवारी जातोय मी. लांबच्या शहरात नवीन टॉवर उभे राहतायत, तिथल्या सगळ्या लिफ्ट आमच्या कंपनीकडे. वर्षभर तरी... कदाचित जास्तही."

"अरे वा," मी म्हणाले. "चांगलं आहे की."

जगात त्याहून मूर्ख वाक्य मी कधी बोलले नसेन.

रविवारी सकाळी त्याची बॅग दारात होती. कंपनीची गाडी यायची होती. मी नेहमीसारखी कॅमेरा घेऊन बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. तो पुठ्ठा घेऊन शेजारी उकिडवा बसला. इतका जवळ, की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास येत होता.

"चिकटी," तो म्हणाला. "मला तुला एक... म्हणजे बरेच दिवस म्हणतोय की... मला—"

मडक्याच्या बाजूला एक ओला ठिपका उमटला.

"हलू नकोस!" मी ओरडले.

ठिपक्याचं भोक झालं. भोकातून दोन मिशा आल्या. मग डोकं, आश्चर्याने भरलेलं, जगाकडे पहिल्यांदा बघणारं. मी श्वास धरला, बटण दाबलं, परत दाबलं. ती अर्धी बाहेर आली, थांबली, पंख ओढून काढले, भोकाच्या कडेवर उभी राहून तोंड पुसलं. पुठ्ठा तसूभरही हलला नाही. गांधीलमाशीला घाबरणारा माणूस तिच्यापासून वीतभर अंतरावर बसला होता, घामाने डबडबून, आणि माझ्यासाठी प्रकाश धरून होता. मग ती उडाली.

"मिळाला!" मी किंचाळले. "मिळाला, मिळाला! अरे बघ तरी!"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. परत वाजला. तो उठला. पुठ्ठा नीट भिंतीला टेकवून ठेवला.

"तू काहीतरी सांगत होतास," मी म्हणाले.

त्याने तोंड उघडलं. ड्रायव्हरने त्याच्या नावाने हाक मारली.

"काही नाही," तो म्हणाला. "फोटो छान आला असेल."

आणि गेला.

फोटो छान आला होता. एवढा चांगला फोटो मी त्याआधी काढला नव्हता. गल्लीने कौतुक केलं, कामावरच्या बाईंनी मोठा करून भिंतीवर लावला. त्याचंही उत्तर आलं, 'अभिनंदन.' खाली एकही ओळ नाही. मी फोन केला तर लागेना. दिवसभर तो शाफ्टमध्ये, लिफ्टच्या त्या उभ्या बोगद्यात, आणि तिथे रेंज नसते. रात्री त्याचा फोन यायचा. जेवलीस का, जेवले, ऊन आहे का, आहे. आम्ही दोघं हवामान खात्यात कामाला असल्यासारखे बोलत होतो.

त्या आठवड्यात मी एका आजोबांच्या कवळीत पुढचा दात उलटा बसवला. बाईंनी ती कवळी माझ्यासमोर ठेवली. मी दात काढला, नीट बसवला, हात धुतले आणि म्हणाले, "मला उद्या सुट्टी हवी."

घरी आत्याने बॅग भरताना पाहिलं. "कुठे निघाली स्वारी?"

"त्याच्याकडे."

"त्याने बोलावलंय?"

"नाही."

"मग मुलीच्या जातीने आपणहून..."

"आत्या, तो बोलत होता तेव्हा मी त्याला गप्प केलं. आता तो काही आपणहून बोलायचा नाही. मग कुणीतरी जायला हवं ना?"

आत्याने कपाळाला हात लावला. आणि मग माझ्या बॅगेतला चुरगळलेला कुर्ता बाहेर काढून इस्त्री तापवायला ठेवली. "हा घालून जा. आणि कोपरं घासून धू."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "पहिली बस घे. डावीकडच्या खिडकीत बस, ऊन लागणार नाही. आणि पोरी, परतीचं तिकीट आत्ताच काढू नकोस."

टॉवर अर्धवट बांधलेला होता. खाली सिमेंटची पोती, वर आभाळ. दारावरच्या माणसाने मला एक हेल्मेट दिलं आणि बोट वर केलं. "मशीन रूममध्ये आहे. लिफ्ट बंद आहे हां, तोच बसवतोय ती."

मी जिने चढायला लागले. चढताना बसमध्ये पाठ केलेलं सगळं म्हणत होते. मुद्देसूद, सभ्य, सुंदर भाषण. दम लागत गेला तशी वाक्यं गळत गेली. वर पोचले तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती आणि एकही शब्द उरला नव्हता.

तो गुडघ्यावर बसून केबल तपासत होता. मान वळवली, आणि हातातला पाना पायावर पाडून घेतला.

"तू? इथे? घरी सगळं ठीक—"

"ते वाक्य... पूर्ण कर," मी धापा टाकत म्हणाले.

"कुठलं?"

"जे मी तोडलं ते."

त्याने हात फडक्याला पुसले. पुसलेले हात परत पुसले. "ते... एवढंच म्हणणार होतो की मला तिथून जायचं नाहीये."

"आणि पुढे?"

"पुढचं तयारच नव्हतं गं. तुझा चेहरा बघून सुचेल असं वाटलं होतं. पण तुझा चेहरा तिच्याकडे होता. आणि किती आनंदात होतीस! म्हटलं, हिच्या आनंदात आपण कुठे मध्ये येतोय..."

"मूर्खा," मी म्हणाले. "फोटो मिळाल्यावर मी पहिल्यांदा कुणाकडे वळले?"

त्याने पडलेला पाना उचलला आणि परत खाली ठेवला.

"तू आठवून बघ, तोवर मी बोलते. माझं तयार होतं, पण जिन्यात सांडलं. जे उरलंय ते सांगते. मला तू हवा आहेस. पुठ्ठा धरायला नाही, ओळी लिहायला नाही. रोज सकाळी, चिडलेली असताना, दात उलटा बसवल्यावर, म्हातारी झाल्यावर. मी एकदा चिकटले की सोडत नाही, हे तुला माहीत असायला हवं. आता नाही म्हणायचं असेल तर लगेच म्हण, मला एवढे जिने परत उतरायचे आहेत."

खाली कुठेतरी लोखंडावर हातोडा पडत होता. तो उठला, जवळ आला. कान तर लाल झाले होतेच, पण या वेळी डोळेही.

"नाही म्हणायला मी वेडा आहे का?" तो म्हणाला. "चिकटी, मी इथे रोज रात्री तुला फोन करून उन्हाबद्दल विचारतो. मला उन्हाशी काय करायचंय?"

मी हसले आणि त्याच वेळी रडलेही. त्याने अंगठ्याने माझा गाल पुसायचा प्रयत्न केला आणि गालावर ग्रीसचा जाड पट्टा ओढला. मग घाबरून दुसऱ्या हाताने तो पुसायला गेला...

"राहू दे," मी त्याचा हात गालावरच धरून ठेवला. "ऐक. वर्षभर इथे काम आहे ना तुझं? मग एक रविवार मी येईन, एक रविवार तू यायचंस. हे ठरलं."

"ठरलं. पुढचा कुणाचा?"

"तुझा," मी म्हणाले. "बाबांशी बोलायचंय ना तुला."

त्याने शाफ्टच्या खोल काळोखाकडे एकदा पाहिलं, जणू तिथे उतरणं त्यापेक्षा सोपं होतं. मग खांदे सरळ केले.

"पहिल्या बसने येतो," तो म्हणाला.