नाकाखालचा कापूस

लहान लेकराला भुलीसाठी इथर देणं म्हणजे थेंब मोजणं आणि श्वास मोजणं, बाकी काही नाही. शहाद्याच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स म्हणून मी ते अकरा वर्षं केलं. तुळशीबाईच्या हाताला यश आहे, असं लोक म्हणायचे. यशबिश काही नाही, लक्ष ठेवावं लागतं. नजर लागली, बाहेरचं झालं, असलं कुणी सांगायला बसलं की मी सरळ उठून जायची.

माझी पद्धत साधी होती. तारेच्या मास्कवर आठ पदरी गॉज, त्यावर थेंब थेंब इथर. लेकरू सैल पडलं की मास्क काढायचा आणि नाकाखाली चिकटपट्टीने कापसाचा बारीक धागा लावायचा. श्वास आत गेला की धागा आत ओढला जातो, सुटला की बाहेर उडतो. डॉक्टरांनी घशात नळी घातली तरी माझे डोळे त्या धाग्यावरच असायचे.

अठ्ठावन्न सालच्या कार्तिकात, भुईमूग काढणी चालू असताना, ब्राह्मणपुरीची जसोदाबाई दहा महिन्यांचं पोर घेऊन आली. बरोबर तिची सासू भिकुबाई होती. खळ्यावर रांगताना पोराने शेंगदाणा तोंडात घातला, तो श्वासनळीत जाऊन बसला होता. दर श्वासाला छातीत शिटी वाजत होती. नाव उखा. आधीची दोन गेली, म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, टाकून दिलेला जीव समजून मरणाने त्याला सोडून द्यावं म्हणून. मी केसपेपरवर नाव लिहिलं. डॉक्टर प्रकाश्याहून दुपारी येणार होते. तोवर पोराच्या पोटात पाण्याचा थेंबही जाता कामा नये, असं मी दोघींना दोनदा बजावलं.

दुपारी पोराला आत नेताना जसोदाने माझं मनगट धरलं.

"बाई, तुम्ही त्याले उठाडशात ना?"

"मीच झोपवते, उठवणारही मीच," मी म्हणाले.

दोन पोरं पुरलेल्या बाईला असा शब्द द्यायला नको होता. पण दिला खरा.

टेबलावर घेताना पोराच्या हनुवटीवर पांढरा ओघळ दिसला. लाळ असेल म्हणून मी बोळ्याने पुसला आणि मास्क ठेवला. इथर छान चढलं. मास्क काढून धागा लावला, घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला बेचाळीस. डॉक्टरांनी नळी आत सरकवली आणि पोराचं पोट एकदम आत ओढलं गेलं. घसाभर दूध वर आलं.

उलटं धरलं. दूध ओढून काढलं. डॉक्टरांनी तोंडाने श्वास दिला. वीस मिनिटं आम्ही काही करायचं बाकी ठेवलं नाही.

बाहेर भिकुबाई मांडीवर दुधाचं रिकामं बोंडलं घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"याना पहिले दोन्ही भुक्याच गयात, बाई," ती म्हणाली. "म्हणीसन याले दूध पाजं."

तिच्यावर संतापायला मी तोंड उघडलं होतं. पण तो ओघळ मी माझ्या हाताने पुसला होता.

मी परत आत आले.

धागा हलत होता.

खिडक्या बंद होत्या. इथर असलं की पंखा आम्ही लावत नसू. डॉक्टरांनी पुन्हा स्टेथोस्कोप लावला, बुबुळं पाहिली. मग चष्मा पुसत "वारा" म्हणाले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

मी मोजलं. बेचाळीस.

पट्टी सोडवून धागा ट्रेमध्ये ठेवला. तिथेही तेच. पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटलीत घातला, रबरी बूच दाबून बसवलं. तरीही तेच.

त्याच संध्याकाळी पोराला त्यांच्या शेताच्या बांधाशी तीन हात खोल पुरलं. मी स्वतः उभी होते.

त्यानंतर मी कुणालाच इथर दिलं नाही. बाटली माझ्या कपाटात आहे, आणि सात वर्षं माझ्या खोलीतला इथरचा वास गेलेला नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जसोदा येते. पहिल्या वर्षी मीच तिला बाटली दाखवली. एकटीने किती दिवस सांभाळायची? ती बघत बसते आणि एवढंच विचारते, "आजून झोपेल शे का?"

हो, झोपलाय, मी म्हणते.

आज उठले तर खोलीत इथरचा वास नव्हता.

कपाट उघडलं. धागा भराभर हलत होता, मध्येच अडकत होता, पुन्हा सुटत होता. साठ. मग सत्तर. इथर उतरून लेकरू जागं व्हायला लागलं की श्वास असाच होतो. अकरा वर्षं पाहिलंय मी.

आखाजीला अजून महिना आहे. तरी जसोदा दारात उभी आहे. आज तिने काहीच विचारलं नाही. येताना ती घरची कुदळ घेऊन आली आहे.