डावऱ्याची नडगी

ही गोष्ट खोटी ठरली असती, तर सगळ्यात जास्त आनंद माझ्या मावशीला झाला असता.

पण ती खरी आहे.

रात्रीची नाही. हिवाळ्यातली दुपार, फुटबॉल मैदानाची ड्रेसिंग रूम, आणि सामना अजून सुरू व्हायचा होता.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, एका फुटबॉल क्लबचे मालिशवाले. सगळी हयात त्यातच गेली. गोदीतल्या हमालांनी काढलेला हा क्लब एके काळी लागोपाठ दोनदा विजेता ठरला होता. गोलमध्ये 'भिंत' उभा राहायचा. इतका उंच, की हॉटेलातल्या पलंगाबाहेर त्याचे पाय लोंबायचे. मधल्या फळीत 'मास्तर'. चुकीचा पास देणाऱ्याकडे तो नुसतं बघायचा आणि समोरचा पाणी पाणी व्हायचा.

आणि डाव्या बगलेवर 'डावऱ्या'.

त्याच्यासारखा पुन्हा झाला नाही. ऐन भरात नडगी मोडली, हाड वाकडं जुळलं, खेळ सुटला. पुढे एका भाड्याच्या खोलीत तो वारला. कुणाला पत्ताही लागला नाही.

त्या दुपारपर्यंत क्लबची पार रया गेली होती. घसरत घसरत तो सगळ्यात खालच्या गटात आला होता. हा सामना हरला की संपलंच, असं जो तो म्हणत होता. बाहेर धुकं उतरत होतं. खेळाडू मैदानात पाय मोकळे करत होते. काका तेलाची बाटली घेऊन आत आले...

टेबलावर कुणीतरी पालथं झोपलं होतं.

तोंड टॉवेलात. डाव्या बगलेवरचा नवा पोरगा असेल, असं समजून काकांनी पोटरीला तेल लावलं. पाय थंडगार होता. आज फारच आखडलायस, असं ते म्हणालेही.

बोटं नडगीवर आली... आणि थांबली.

तिथे गाठ होती. वाकड्या जुळलेल्या हाडाची.

तो पाय काकांनी वर्षानुवर्षं चोळला होता. झोपेतही ओळखला असता.

पळावंसं वाटलं, पण हात निघेनात. तेवढ्यात टॉवेलातून आवाज आला. हळू, अगदी अजिजीचा.

"आज खेळता येईल का हो मला?"

काका पुढे मावशीला म्हणाले, भीती वाटली खरी, पण त्याहून जास्त पोटात तुटलं. पाय मोडल्यावर डावऱ्या दर सामन्याआधी हेच विचारायला यायचा आणि ते दरवेळी नाही म्हणायचे. त्या दिवशी तोंडून निघून गेलं...

"खेळ."

टेबल रिकामं होतं.

टॉवेलावर सुरकुतीसुद्धा नाही. मग बाहेरच्या बोळात बुटांचे खिळे वाजले. टक... टक... मैदानाच्या दिशेने.

सामना सुरू झाला. उत्तरार्धात नव्या पोराकडे चेंडू आला आणि तो असा सुटला, की म्हातारी माणसं जागेवरून उठली. तशी धाव त्यांनी एकाचीच पाहिली होती.

त्याच्या आसपास कुणी नव्हतं. कुणी धक्का दिला नाही.

तरी हाड मोडल्याचा आवाज बाकावर बसलेल्या काकांपर्यंत आला.

पोराला उचलून नेलं. धुकं इतकं दाटलं, की पंचांनी खेळ अर्धवट थांबवला. उरलेला खेळ पुन्हा कधी झालाच नाही. त्याआधीच क्लबला टाळं लागलं. मैदानावर आता गोदामं आहेत.

काकांनी त्यानंतर कुणाच्या अंगाला हात लावला नाही. मावशीची पाठ धरली तरी ते गरम पाण्याची पिशवी पुढे करतात.

गेल्या महिन्यात तो पोरगा घरी आला. मी तिथेच होतो. कुबडी भिंतीला टेकवून बसला. डॉक्टरांच्या मते हाड जुळलंय, म्हणाला. वाकडं जुळलं, पण जुळलं. त्रास वेगळाच आहे.

पाय थांबत नाही.

तेव्हा आम्ही खाली पाहिलं... त्याचा डावा पाय हलत होता. चेंडू पुढे पुढे ढकलल्यासारखा. बाकीचं अंग स्वस्थ.

मावशी उठून आत गेली.

काकांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. मान खाली घालूनच म्हणाले, "त्याला म्हणावं, आता थांब."

"सांगतो ना, काका. तो एकच विचारतो... सामना संपला का?"

तो सामना तर कधी संपलाच नव्हता.

निघताना पोराने विचारलं, पुन्हा आलो तर चालेल ना?

काकांनी भिंतीला टेकवलेली कुबडी उचलून त्याच्यापुढे धरली. कशालाही हो म्हणायची त्यांना आता भीती वाटते.

आणि त्या दिवसापासून मलाही.