नऊ नंबरची बेल

खोटं वाटलं तर वाटू द्या, पण हे घडलंय. आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, मांजर आडवं गेलं तर त्यालाच बाजूला हो म्हणणारे. हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळतात. आणि हे झालं भर दुपारी, तळमजल्यावरच्या सर्व्हर रूममध्ये.

पेशंटने खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर बेल वाजते. ती सिस्टीम दाजींच्या हातात.

तिच्या सेटिंगची फाइल बदलली, की आधी तपासायची, मगच रीस्टार्ट. कारण रीस्टार्टमध्ये चालू सिस्टीम आधी बंद पडते... आणि फाइलीत चूक असेल तर ती परत उठतच नाही.

गेल्या वर्षी दाजींनी तपासलं नाही. ताई बाहेर जेवायला थांबली होती. "एका ओळीचा तर बदल! त्यात काय तपासायचं?" असं म्हणत रीस्टार्ट दिला आणि निघाले.

नेमकी तिथेच माशी शिंकली. एक स्वल्पविराम राहिला होता.

त्यांचं जेवण होईपर्यंत वर एकही बेल वाजली नाही. नऊ नंबरच्या आजी गेल्या... बटण मुठीत घट्ट धरून.

"मशीन बिघडलं होतं," दाजींनी सांगितलं. सगळ्यांना पटलं. त्यांच्या घशाखाली मात्र घास उतरेना.

नऊ नंबरची खोली आता चादरी ठेवायला वापरतात. खाट नाही. बटणाची वायरही कापलेली.

परवा पुन्हा फाइल बदलायची होती. दुधाने तोंड पोळलेले दाजी ताकही फुंकून पीत होते. तपासणी केली. चूक नाही. रीस्टार्टसाठी बोट उचललं...

फोन वाजला. वरच्या सिस्टर.

"अहो, नऊ नंबर वाजतोय!"

"तिथे कोण आहे?"

"तेच तर तुम्हाला विचारतेय!"

दाजींनी बोट मागे घेतलं. स्क्रीनकडे नीट पाहिलं. तपासली होती ती जुनी फाइल! नवी तपासली...

पुन्हा एक स्वल्पविराम राहिला होता.

तो घातला. आजींनीच सावध केलं, असं वाटून त्यांचे डोळे भरले.

पण बेल थांबेना.

सिस्टर दोनदा खोलीत जाऊन आल्या. शेवटी दाजी गेले. चादरींचे ढीग, भिंतीत तुटकी वायर. बाकी काही नाही...

"आलो, आजी," ते पुटपुटले. "मशीन नव्हतं बिघडलं. मी न तपासता जेवायला गेलो होतो."

बेल थांबली.

बाहेर साहेब उभे होते. "काय हो, काय झालं होतं?"

दाजींनी तोंड उघडलं. आणि म्हणाले, "काही नाही, साहेब. मशीनच बिघडलंय."

मागे बेल पुन्हा सुरू झाली...

काल दाजींनी फोनवर मला हे सगळं सांगितलं. आवाज रडवेला होता. "ताईला सांगू नकोस हं," म्हणाले.

मी बरं म्हणालो.

फोन केव्हाच ठेवलाय. पण माझ्या खोलीत मघापासून बेल वाजतेय... आणि माझ्या घराला बेलच नाही.