पुढच्या सीटवरून

दुकानाच्या दारात सायकलच्या चेनला तेल घालून ती उठली, तोच मागून आवाज आला, "सीट दीड इंच वर घ्या. गुडघा वाजतोय तुमचा."

तिने वळून पाहिलं. काळा चष्मा, हातात पांढरी काठी आणि ओठांवर दाबलेलं हसू. तो तिच्या चाकाजवळ बसला, एकेक तार बोटाने छेडत गेला आणि एकीपाशी थांबला. "ही सैल आहे." दुकानदारकाकांनी पाना लावला. खरंच सैल होती. सकाळपासून तिने ते चाक तीनदा तपासलं होतं. ती तोंडात बोट घालून बघतच राहिली.

तो फिजिओथेरपिस्ट होता. लहान मुलांच्या इस्पितळाला मदत म्हणून निघणाऱ्या सहाशे किलोमीटरच्या सायकल-सफरीत त्यानेही नाव दिलं होतं, दोन सीटच्या सायकलवर. पुढे बसणाऱ्या मावसभावाने नुकताच पाय मोडून घेतला होता.

"ही पण जातेय की," काका म्हणाले, आणि तिच्या तोंडून 'मी बसते पुढे' कधी निघून गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. पुढच्याने सगळं बोलून सांगायचं असतं — खड्डा, वळण, ब्रेक, गिअर. आणि ही दिवसभर लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसणारी. भाऊ तर तिला मौनीबाबाच म्हणायचा.

सरावाच्या पहिल्या रविवारी ती एकदाच "खड्डा" म्हणाली. तेही खड्ड्यातून गेल्यावर.

"हा कळला मला, कॅप्टन," मागून आवाज आला. "पुढचा सांगा."

ती हसली... हँडल डगमगलं.

"हसायच्या आधीही सांगत जा."

हळूहळू जमू लागलं. टायरमध्ये हवा किती भरायची, पाणी कधी प्यायचं, बसून बसून सोलवटलं तर मलम कुठलं लावायचं, सगळं त्याने शिकवलं. पेडलच्या नुसत्या जोरावरून तो ओळखायचा — "उजवा पाय दमला तुमचा. थांबू या." न बघता कुणी आपल्याला इतकं बघू शकतं, याचं तिला दर वेळी नव्याने नवल वाटे. लॅबमधल्या काचपट्टीवर सोमवारीही त्याचंच हसू दिसायला लागलं, तेव्हा ती काय ते समजली. बोलली मात्र नाही.

आठवड्यावर सफर आली आणि शंभर किलोमीटरची चाचणी ठरली. ती वेळेत पूर्ण केल्याशिवाय जोडीला सफरीत जागा नव्हती. घाटाचा चढ संपला, वळण आलं आणि धुकं एकदम फाटलं... खाली दरीभर ढग, पाय ठेवावा आणि चालत पलीकडे जावं इतके दाट. त्यातून वर आलेले डोंगरांचे माथे. सगळ्यावर कोवळं ऊन. तिचं सांगणं मध्येच थांबलं. पुढचा दगड तिला दिसलाच नाही.

दोघंही कडेच्या गवतात पडले. त्याचं कोपर सोललं.

"मी नाव मागे घेते," पट्टी बांधता बांधता ती म्हणाली. "माझ्या गप्प बसण्यानं तुमची मान मोडली असती. दुसरं कुणीतरी बघा."

"गप्प का झालात?"

"समोर... फार सुंदर होतं काहीतरी."

तो पहिल्यांदाच रागावला. "पडल्याचं काही नाही हो. पण ते तुम्ही एकटीनंच बघितलंत, याचा राग आलाय मला."

ती त्याच्याशेजारी बसली. ढग सांगितले, माथे मोजून सांगितले, ऊन कुठून कुठवर सरकलं तेही. आयुष्यात कधी बोलली नव्हती इतकं बोलली. दरीकडे तोंड करून तो ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटत होतं ते तिला दरीपेक्षाही मोठं वाटलं.

"आणि?"

"आणि... कडेला एक माणूस बसलाय. चष्मा वाकडा झालाय त्याचा. मला तो फार आवडतो."

त्याने चष्मा काढून हातात घेतला.

"काय करतोय तो?"

"रडतोय बहुतेक."

"बरोबर दिसतंय तुला." त्याने हात पुढे केला. "चल. अजून बेचाळीस किलोमीटर आहेत. वाटेतलं काही गाळायचं नाहीस."

वेळ संपायला दहा मिनिटं असताना त्यांची सायकल पोहोचली. संयोजक पाणी घेऊन पुढे आले, तरी ती बोलतच होती.