कडीतलं दुसरं कुलूप

टर्की पक्षी भाजून खायचा सण तोंडावर आला आणि ऑर्विलच्या किराणा दुकानातलं शीतघर बंद पडलं. अमेरिकेतल्या डाकोटाच्या त्या छोट्या गावात दुकान हे एवढंच. सगळ्या गावाच्या टर्की आत.

शीतयंत्रं दुरुस्त करणाऱ्या सोलवेगचं बाळंतपणाच्या रजेनंतर हे पहिलंच काम. तान्ह्या टिल्डाला शेजारणीकडे सोडून ती एकटीच निघाली होती. हात सगळं विसरले असतील, असं वाटेत दोनदा मनात आलं. पण पाना हातात घेतला आणि भीती गेली.

या धंद्यात एक रिवाज आहे. यंत्रात हात घालण्याआधी वीज बंद करायची आणि खटक्याच्या कडीत आपलं कुलूप अडकवायचं. आत जितकी माणसं, तितकी कुलपं. ज्याचं त्यानंच काढायचं. शेवटचं निघेपर्यंत खटका वर जात नाही. सोलवेगनं आपलं लाल कुलूप लावलं, चावी खिशात टाकली.

"पोरी, टर्की विरघळायला लागल्या तर गाव मला भाजून खाईल," ऑर्विल म्हणाला.

"मग आधी मला काम करू द्या."

आत मिट्ट काळोख. जुन्या बर्फाचा, ओल्या पुठ्ठ्यांचा वास. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. कानटोपी ओढून, विजेरी दातात धरून तिनं पंख्याच्या पात्यांमध्ये कोपरापर्यंत हात घातला. बोटांना सगळं आठवत होतं. तिच्या श्वासाची वाफ उजेडात वर जात होती... आणि शेजारून आणखी एक वाफ. सावकाश. तिच्या खांद्याच्या उंचीवरून.

सोलवेगनं मान वळवली नाही. शेवटचा नट घट्ट केला, मगच हात बाहेर काढला.

ती बाहेर आली, तर ऑर्विल खटक्याशी झटत होता. तिचं लाल कुलूप कापलेलं, त्याच्या पायाशी.

"तू... आत होतीस?" त्याचा चेहरा पांढरा पडला. "हाक मारली, ओ दिली नाहीस. म्हटलं, कुलूप विसरून जेवायला गेली..."

"माझा हात होता पात्यांत, ऑर्विल."

त्यानं खटक्यावरचा हात झटकन मागे घेतला. खटका हलला नव्हता, कारण कडीत दुसरं कुलूप होतं. काळं, जाडजूड. बाजूला बॉयलर धगधगत होता, तरी त्यावर बोटभर बर्फ साचलेला.

"हे कुणाचं?" त्यानं विचारलं. "तुझ्याबरोबर कोणी आलंय?"

"नाही. पण कुलूप आहे, म्हणजे आत माणूस आहे."

लेकीचं तोंड पुन्हा दिसेल ते या कुलपामुळे, एवढं तिला कळत होतं. ती शीतघराच्या दाराशी गेली आणि सोबत्याला सांगावं तसं ठाम आवाजात म्हणाली, "झालं काम. या बाहेर."

गार झुळूक अंगावरून गेली. परत येऊन पाहते तो कडी रिकामी. खाली जमिनीवर थोडं पाणी. तिनं खटका वर केला, पंखे घुमू लागले.

निघताना गल्ल्यावरच्या मेव्हिसनं हटकलं. "अगं, एवढ्या थंडीत जोडीदाराला तसाच राबवतेस? काकडला होता बिचारा. कॉफी दिली तर पेला धरवेना त्याला."

"कुठे गेला?"

"तुझ्याच गाडीत जाऊन बसला की! भारी मायाळू हो. लेकीचं नाव विचारत होता."

"...सांगितलंस?"

"न सांगायला काय झालं?"

सोलवेग धावली नाही. बर्फावरून नीट पावलं टाकत गाडीपाशी गेली, कुलूपबंद दार उघडलं. आत कोणी नव्हतं. काचा आतून गोठलेल्या, स्टिअरिंगचं चाक हाताला चिकटेल इतकं गार. तिनं मागे वाकून टिल्डाच्या रिकाम्या खुर्चीवर तळवा ठेवला.

टिल्डा शेजारणीकडे होती, तरी खुर्ची उबदार होती. नुकतंच कुणीतरी तिथून बाळ उचलून नेल्यासारखी.