आईची हरकत कोणाची?

"एकही हरकत नाही. इमारत मंजूर!"

नियोजन अधिकाऱ्याने फाईल मिटली. सुनावणीच्या हॉलमध्ये एकच कालवा! अख्ख्या गल्लीने हरकती नोंदवल्या होत्या. गेल्या कुठे?

भिंतीवर नकाशा लटकत होता. तळाला बेकरी आणि औषधांचं दुकान, वर सहा मजले. ही इमारत थेट आईच्या शिलाई मशीनच्या खिडकीसमोर उठणार होती. आईचे डोळे अधू. दिव्याच्या उजेडात तिला काळ्या कापडावरचा काळा टाका दिसत नाही. खिडकी गेली की धंदा बसला!

आईची मुलगी नववीत. प्रश्न विचारून भंडावून सोडते म्हणून गल्ली तिला 'चौकशी' म्हणते. चौकशी तडक कारकूनबाईंकडे गेली.

"हरकती हरवल्या का?"

"इथे काही हरवत नाही, बाळ. मागे घेतल्या."

"कोणी?"

"ज्याची त्याने. दुसऱ्याला घेताच येत नाही."

"माझ्या आईने घेतली नाही!"

"मग ती तिची नव्हतीच." बाईंनी खिडकी लावून घेतली.

तिची नव्हती? अक्षर आईचं, सही आईची!

घरी उलटतपासणी सुरू झाली.

"आई, तुझ्या मोबाईलवर पोच आली होती?"

"नाही गं. कोणालाच नाही. हरकती नोंदवताना औषधवाल्या भाऊजींचा फोन मात्र सारखा वाजत होता."

"ते तिथे कशाला आले होते?"

"हरकतीच्या शुल्काचा आकडा ऐकून आम्ही परत फिरत होतो. त्यांनीच सगळ्यांचं आपल्या कार्डावर भरलं. देवमाणूस! पैसे परत देते तर घेतच नाहीत."

चौकशी उठली. कारकूनबाईंना गाठून एकच प्रश्न विचारला आणि धावत औषधांच्या दुकानात पोचली. मागोमाग गल्ली.

"काका, परवा खोकल्याचं औषध नव्हतं. आज रॅक रिकामे. दुकान हलवताय?"

"डागडुजी आहे. भोचकपणा पुरे हं!"

"डागडुजीला कोणी माल मागवणं बंद करतं? ऐका सगळे! नियमाप्रमाणे शुल्क भरेल तोच हरकतदार, मग सही कोणाचीही असो. पोच त्यालाच. काकांनी कार्ड टेकवलं आणि आपल्या हरकती त्यांच्या झाल्या. मग गुपचूप सगळ्या मागे! नकाशातलं औषधांचं दुकान कोणाचं, काका?"

काकांनी नजर चुकवली. मग एकदम उसळले, "मी खोटं काय केलं? तोंड उघडायला पैसे लागतात, हा नियम माझा आहे का? तुम्हाला परवडत नव्हते, मी भरले!"

नव्या हरकतींची मुदत संपली होती. चोर सापडला होता, आणि चौकशीला रडू फुटलं.

आईने पर्स उघडून शुल्काएवढ्या नोटा काउंटरवर ठेवल्या.

"आता काय उपयोग, वहिनी?"

"काहीच नाही," आई म्हणाली. "अंधार माझ्या पैशाने घेते. तुमच्या उपकाराने नको."