सातव्या वळणाची पोकळ भिंत

"मार! जोरात मार! भिंत काय चावणार आहे का तुला?" भोंगा ओरडला.

तो साधं बोलला तरी ओरडल्यासारखंच वाटायचं, म्हणून तर तो भोंगा. चिमटीने दोन पावलं मागे जाऊन चेंडूला सणसणीत लाथ हाणली. चेंडू टायरच्या भिंतीवर आपटला आणि उसळून परत यायच्या ऐवजी धप्पकन खाली पडून राहिला.

"वारला," शंकासुर गंभीरपणे म्हणाला. हा चिमटीचा धाकटा भाऊ.

दोघं भावंडं सुट्टीला आत्याकडे आली होती. भोंगा आत्याचा मुलगा, आणि आत्या मोटार शर्यतींच्या नव्याकोऱ्या ट्रॅकची सुरक्षाप्रमुख! ट्रॅकवर आज पहिल्यांदा गाड्या धावणार होत्या. सकाळच्या फेरीला आत्या तिघांनाही गाडीत कोंबून आणायची. वळणावळणावर ती उतरून वॉकीटॉकीवर बोलत राही, तोवर ही मंडळी तिथल्या भिंतीशी चेंडूचा सामना खेळत. आजवर सगळे सामने भिंतच जिंकली होती.

"सहा भिंतींनी चेंडू परत दिला," चिमटी म्हणाली. "सातवीच एवढी कंजूष का?"

"पण भिंतीलाही कंटाळा येत असेल की," शंकासुर म्हणाला.

चिमटी भिंतीच्या टोकाला गेली आणि पुढचा काळा रबरी पट्टा बाजूला सारून आत डोकावली. आत जुन्या टायरांच्या उतरंडी असायला हव्या होत्या, एकमेकींना बोल्टने घट्ट आवळलेल्या. टोकांना होत्याही. मध्ये मात्र नुसती हवा! जमिनीवर चार-दोन बोल्ट पडलेले, आणि मागे थेट लोखंडी कठडा.

"आत्याऽऽ!"

आत्या धावत आली, वाकली, आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "काल दुपारी मी स्वतः तपासली होती! गच्च भरलेली होती!" तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "ट्रॅक बंद. एकही गाडी बाहेर काढायची नाही."

पाच मिनिटांत ट्रॅकचे मोठे साहेब हजर झाले. घाईत त्यांचा टाय खांद्यावरून पाठीवर गेला होता आणि तिथेच राहायचं ठरवून बसला होता.

"बाई, पाहुणे आलेत, संघ आलेत! गोदामात एकही टायर शिल्लक नाही. आज शर्यत झाली नाही तर जबाबदार कोण? भिंत ठीक आहे म्हणून सही तुमची आहे!"

"सही माझीच आहे," आत्या शांतपणे म्हणाली. "म्हणूनच गाडी सुटणार नाही. इथे कुणी घसरलं, तर त्याच्या आणि लोखंडाच्या मध्ये काहीच नाही."

"मग नोकरीचं काय ते तुम्ही बघा!" म्हणून साहेब तरातरा निघाले.

चिमटीची कानशिलं तापली. "भोंग्या, टायर काय पंख लावून उडाले? शोधायचे!"

कठड्यामागच्या मातीत हातगाडीच्या चाकांचे ठसे होते. तिघं त्यांच्या मागे सुटली. ठसे गाड्या दुरुस्त करायच्या गाळ्यांमागून गेले. ट्रॅकवरच्या छोट्या दवाखान्यापाशी वळले. तिथे पेशंट नसल्यामुळे डॉक्टर आणि रुग्णवाहिकेचे चालक बुद्धिबळ खेळत होते आणि दोघेही हरत होते. ठसे थांबले ते पाहुण्यांच्या गॅलरीच्या मागच्या दाराशी.

आत सगळं सोनेरी! सोनेरी पडदे, सोनेरी कुंड्या, आणि गोल गोल सोनेरी बैठका, वर मखमली गाद्या. मध्ये सजावटवाले काका स्वतःच्याच कामाकडे कौतुकाने बघत उभे.

"हे तर आपले टाय..." भोंगा सुरू झाला. चिमटीने त्याला चिमटा काढला. तिचं नाव उगीच पडलं नव्हतं.

"काका, कसल्या भारी बैठका आहेत हो! आणल्या कुठून?"

"बाजारातून! एकेक टायर निवडून घेतलाय मी!"

"म्हणजे भोकंबिकं पडलेले नसतील ना?"

"भोकं? छे! अखंड माल! एक भोक दाखव, गॅलरीभर लोळून दाखवतो!"

चिमटीने गादी उचलली. टायरच्या दोन्ही अंगांना बोल्टची भोकं, गोल, नीटस, एका रेषेत. तिने दुसरी गादी उचलली. तीच भोकं. शंकासुराने खिशातून भिंतीपाशी सापडलेला बोल्ट काढला आणि एका भोकात घातला. चपखल!

"पण काका," तो नम्रपणे म्हणाला, "लोळायला इथून सुरुवात करताय की तिकडून?"

काकांची बोबडी वळली. "अरे, मला वाटलं... काळ्या पडद्यामागे कुणी अडगळ टाकलीये! जुने टायर, धूळ खात पडलेले! मी तर उलट साफसफाई केली!"

"तो पडदा नाही हो! माणूस वाचवायची भिंत आहे ती!" भोंग्याचा हा आवाज ट्रॅकच्या पलीकडल्या टोकाला असलेल्या आत्याला वॉकीटॉकीशिवाय ऐकू गेला.

मग जी धांदल उडाली! मेकॅनिक आले, डॉक्टर आले, हातगाडी ढकलत खुद्द काका आले. साहेबांनी टाय खिशात कोंबला आणि तिघा पोरांबरोबर ओल्या सोनेरी रंगाचे टायर घरंगळवायला सुरुवात केली. आत्याने एकेक बोल्ट स्वतः आवळला, सगळी भिंत पुन्हा तपासली आणि मगच म्हणाली, "सोडा गाड्या."

शर्यत रंगात आली. आणि सातव्या वळणावर एका लाल गाडीची मागची चाकं सटकली! गाडी गिरकी घेत खडीवरून घसरली आणि धाडकन भिंतीत घुसली. भोंगासुद्धा गप्प झाला.

धूळ बसली. गाडीतून एक तरुणी बाहेर आली, तिने हेल्मेट काढलं आणि गॅलरीकडे बघून हात हलवला! काय टाळ्या पडल्या! पट्टा फाटून गाडीचं नाक आत शिरलं होतं आणि सोनेरी रंगाने माखून निघालं होतं. शर्यत न जिंकताच सोन्याने मढलेली जगातली पहिली गाडी ती.

डॉक्टरांनी तपासून सोडल्यावर ती सरळ आत्याकडे आली. "मला जरासुद्धा खरचटलं नाही. भिंत कुणाची ही?"

साहेब घसा खाकरून पुढे झाले. "या बाईंची. सकाळी मी यांना नको ते बोललो. आज यांनी माझं ऐकलं असतं तर..."

आत्या कधी कुणाचं कौतुक करत नसे. तिने तिघांना ओढून पुढे उभं केलं. तिघांचेही हात कोपरापर्यंत सोनेरी होते.

"भिंत माझी," ती म्हणाली. "पोकळ आहे हे ओळखलं यांनी, आणि भरलीही यांनीच. पोरंही माझीच आहेत."

चिमटीला काहीतरी भारदस्त बोलायचं होतं. पण छाती इतकी फुगली होती की आवाजाला बाहेर यायला जागाच मिळेना.